मिटता चाकू आणि बिनखुणेचे कारागीर

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहासावर लेख लिहावयाचा म्हटला म्हणजे विश्वकर्म्यापासून आरंभ करावा, त्याच्या पाच पुत्रांची नावे सांगावी, आणि मग एकदम आजच्या वसतिगृहाच्या निधीवर यावे, असा आपल्याकडे प्रघात पडून गेला आहे. त्या प्रघाताविषयी आमच्या मनात अनादर नाही. परंतु विश्वकर्मा व वसतिगृह ह्यांच्या मधला जो दीर्घ काळ, ज्या काळात आपले आजे-पणजे भात्यापुढे बसून प्रत्यक्ष लोखंड घडवीत होते, त्याचा वृत्तांत कोठेच सापडत नाही. म्हणून ह्या वर्षी आम्ही एक अगदी लहान वस्तू विचारासाठी घेतली आहे. ती म्हणजे कपाटाच्या खणात, देव्हाऱ्याच्या मागे अथवा आजीच्या बटव्यात पडून असलेला जुना मिटता चाकू.

माधवनगर व सभोवारची गावे ह्या शोधास फार सोयीची आहेत. सांगली, मिरज व बुधगाव ही पटवर्धनांच्या तीन संस्थानांची ठाणी येथून हाकेच्या अंतरावर. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीस आपले ठाणे केले. १८२० च्या सुमारास मिरजेचेच थोरली व धाकटी असे दोन भाग झाले आणि धाकट्या पातीची राजधानी पुढे बुधगाव ठरली. तीन दरबार, तीन दप्तरे, तीन पागा. जेथे दप्तर तेथे कारकून, आणि जेथे कारकून तेथे चाकू, हे त्या काळचे समीकरण होते.

हे समीकरण आजच्या मुलांस उलगडून सांगणे अवश्य आहे. मोडी लिपी बोरूने लिहीत. बोरूचे टोक घासून बोथट झाले की ते पुन्हा तिरके छाटून मधोमध चीर द्यावी लागे, आणि दिवसभर लिहिणाऱ्यास हे काम वारंवार पडे. ह्यासाठी जो बारीक पात्याचा चाकू लागे त्यास फारसीत कलमतराश, म्हणजे लेखणी तासणारा, असे नाव होते. दप्तरांतून ते मराठीतही रुळले. चाकू हा शब्ददेखील तुर्की-फारसीतूनच आपल्याकडे आलेला. इंग्रजांकडेही नेमका हाच प्रकार घडला. पिसाची लेखणी छाटण्याच्या चाकूस त्यांनी ‘पेन-नाइफ’ म्हटले, आणि पिसे गेली तरी नाव राहिले. पाते मिटवून मुठीत ठेवण्याची युक्ती मात्र ह्याहून कितीतरी जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा, हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सापडला आहे.

आता आपल्या घरांतील चाकूंकडे वळू. गेल्या काही वर्षांत ज्ञातिबांधवांच्या घरी जाऊन आम्ही जे चाकू पाहिले त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. विलायती, लष्करी आणि आपले. पहिल्या दोहोंचा इतिहास वाचता येतो, कारण तो पात्यावरच छापलेला असतो. तिसऱ्याचा वाचता येत नाही, आणि आमचे खरे दुःख तेथेच आहे.

प्रथम विलायती. चाकू उघडावा आणि पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून जेथे धार नसते त्या चौकोनी भागाकडे भिंगातून पाहावे. कारखानदाराचा शिक्का तेथे असतो. आपल्या भागात सर्वांत अधिक आढळते ते शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स ह्यांचे नाव व त्यासोबत एक तारा आणि एक क्रूस. ही तारा-क्रुसाची खूण त्या घराण्याकडे १७६४ पासून होती. शिक्क्यात मुकुट व त्याच्या दोन बाजूंस ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतला, म्हणजे १९०१ पूर्वीचा समजावयास हरकत नाही. ‘ई आर’ असल्यास बहुधा सातव्या एडवर्डचा, १९०१ ते १९१० मधला. ‘जी आर’ असल्यास प्रायः त्यानंतरचा. प्रायः असे म्हणण्याचे कारण, १८३७ पूर्वीच्या जॉर्ज राजांच्या काळातही ‘जी आर’ हीच अक्षरे होती. पण इतका जुना चाकू आपल्या खणात निघण्याचा संभव थोडा. शेफील्डच्याच जॉर्ज वॉस्टनहोम ह्यांची खूण ‘आय’, मग तारा, मग ‘एक्स’ व ‘एल’ अशी असे. इंग्रजीत ती भरभर वाचली की ‘मी सरस ठरतो’ असा अर्थ निघतो. व्यापाऱ्याची ही आत्मस्तुती आमच्या मते थोडी जास्तच आहे, परंतु पाती मात्र खरोखर सरस होती. ही दोन प्रतिस्पर्धी घराणी १९७१ मध्ये एक झाली, तोवर दोघांचेही दिवस फिरले होते.

ह्या नावांचा लौकिक एवढा होता की त्यांची नक्कल होणे क्रमप्राप्तच होते. जर्मनीतून शेफील्डचे नाव ठोकलेला हलका माल येऊ लागला, तेव्हा विलायतेत १८८७ मध्ये व्यापारी चिन्हांचा कायदा झाला आणि हिंदुस्थानात त्याच धर्तीवर १८८९ मध्ये. परदेशी माल खोट्या गावाच्या नावावर खपविण्यास त्यामुळे आळा बसला आणि मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची वहिवाट पडली. म्हणून देशाचे नाव मुळीच नसलेला चाकू त्या सुमाराच्या आधीचा असण्याचा, आणि ‘जर्मनी’ वा ‘इंग्लंड’ असे स्पष्ट लिहिलेला नंतरचा असण्याचा संभव अधिक. जर्मन चाकू म्हणजे हलका, ही मात्र समजूत चुकीची. झोलिंगेन गावच्या हेंकेल्स घराण्याची जुळ्या मुलांची खूण १७३१ पासूनची आहे आणि ते पोलाद कोणत्याही शेफील्डच्या पंक्तीला बसेल. झोलिंगेनचे नाव इतरांनी वापरू नये म्हणून तेथेही १९३८ मध्ये कायदा करावा लागला, ह्यावरूनच त्याची किंमत कळते.

आणखी एक सोपी कसोटी आहे. पात्यावर ‘स्टेनलेस’ हा शब्द असेल तर चाकू १९१३ च्या आधीचा असणे शक्य नाही, कारण न गंजणारे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली ह्यांनी त्या वर्षी सिद्ध केले. आजोबांच्या आजोबांनी पेशव्यांच्या स्वारीत वापरलेला म्हणून एका घरी मोठ्या अभिमानाने दाखविलेल्या चाकूवर हाच शब्द होता. आम्ही काही बोललो नाही. चहा उत्तम होता.

मुठीवरूनही पुष्कळ कळते. हाडाच्या मुठीत बारीक छिद्रांचे ठिपके दिसतात. हस्तिदंतात तसे ठिपके नसतात. त्याच्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या सूक्ष्म रेषांची जाळी असते. म्हशीच्या शिंगाचे पापुद्रे सुटतात. सांबराच्या शिंगाच्या अंगावर खडबडीत पन्हळी असतात. सेल्युलॉइड हा १८७० च्या सुमाराचा शोध. तो हस्तिदंताची व कासवाच्या पाठीची हुबेहूब नक्कल करतो, मात्र जुना झाल्यावर विटतो व त्यातून आंबूस वाफ सुटून शेजारची पाती गंजवितो, म्हणून असा चाकू इतरांपासून दूर ठेवावा. तापल्या सुईने टोचून मूठ ओळखण्याचा उपाय काही लोक सांगतात. तो कोणी करू नये. सेल्युलॉइड पेट घेते, आणि हस्तिदंतावर कायमचा डाग राहतो.

सांबरशिंगाविषयी दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. शेफील्डच्या मुठींसाठी लागणारे सांबरशिंग जात असे हिंदुस्थानातून. आमच्या रानातले शिंग बोटीत बसून विलायतेस जावयाचे, तेथे त्यास पाते व पितळी पट्ट्या लागावयाच्या, आणि मुंबईच्या बंदरातून परत येऊन ते आमच्याच दुकानात विलायती माल म्हणून चढ्या दराने विकले जावयाचे. कापसाची कथा आपण शाळेत शिकलो, शिंगाची कोणी शिकविली नाही. शिंगाची ही निर्यात १९९८ मध्ये बंद झाली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील सुधारणा ह्यांमुळे हस्तिदंत व सांबरशिंग ह्यांच्या वस्तूंची खरेदी-विक्री करता येत नाही. म्हणून वडिलोपार्जित चाकूची मूठ तशी असेल तर ‘याचे किती येतील’ ह्या चौकशीत कोणी पडू नये, आणि तो बाळगण्यासंबंधीचा नियम वन खात्याकडे विचारून घ्यावा.

दुसरा वर्ग लष्करी चाकूंचा. साताऱ्याकडच्या सोयऱ्यांच्या घरी हे विशेष सापडतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी’ ह्याच उपनावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत मराठा पलटणी अडकून पडल्या होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धात त्या इटलीत लढल्या. परत येणाऱ्यांच्या सामानात हा चाकू असे. तो ओळखणे सोपे आहे. काळी, चौकड्या कोरलेली मूठ. टोकाशी बोथट व धार सरळ असे रुंद पाते. डबा उघडण्याचे हत्यार. दोरीत अडकविण्यासाठी कडी. आणि पाठीवर दाभणासारखा एक जाड टोचा. हा टोचा घोड्याच्या खुरातील खडे काढण्यासाठी, असे घरोघर सांगतात. वास्तविक तो जाड दोराचे पीळ सोडवून सांधा करण्यासाठी असे. पात्याच्या बुडाशी तीन रेघांचा बाण असल्यास ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बाण इंग्रजी ‘सी’ अक्षरात असल्यास चाकू कॅनडाचा. पुष्कळदा सालही ठोकलेले असते. ज्या घरात सैनिकाची कागदपत्रे हरवली आहेत तेथे हा चार अंकी आकडा फार मोलाचा, कारण चाकूचे साल व मनुष्याच्या नोकरीचे साल सहसा फार दूर नसते.

आणि आता तिसरा वर्ग, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला.

ह्या चाकूवर शिक्का नसतो, नाव नसते, साल नसते. पाठीत कमान नसल्यामुळे उघडताना ‘खट्’ असा आवाज होत नाही; पाते केवळ एका खिळ्यावर घट्ट फिरते आणि बोटाने दाबून धरावे लागते. मूठ शिसवीची वा म्हशीच्या शिंगाची, कधी नुसती वाकविलेल्या पत्र्याची. दोन्ही अंगे तंतोतंत सारखी नसतात. संग्राहक अशा वस्तूकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि घरची माणसे तर भंगारवाल्याकडे टाकताना हाच पहिला टाकतात. रॉजर्स तेवढा जपून ठेवतात. हा चाकू आपल्या माणसाने घडविला आहे. बारा बलुतेदारांतील लोहाराने नांगराचा फाळ, विळा, खुरपे, कुऱ्हाड ह्यांच्या बदल्यात धान्याच्या सुगीत बलुते घेतले, आणि मधल्या वेळात कोणी गुराख्याने, कोणी तलाठ्याने, कोणी पान खाणाऱ्या पाटलाने मागितला म्हणून असा एखादा चाकू करून दिला. बलुत्याच्या व्यवहारात नाव ठोकण्याचे कारणच नव्हते. घेणारा देणाऱ्यास ओळखत होता. शिक्क्याची गरज अनोळखी गिऱ्हाइकास विकणाऱ्याला पडते.

तरीही हा चाकू अगदीच मुका नसतो. पाते उजेडात तिरके धरून पाहावे. धारेला समांतर अशी एक अंधुक रेघ दिसली तर मऊ लोखंडास पोलादाची पट्टी भट्टीत जोडून धार केलेली आहे, असे समजावे. पोलाद महाग होते, म्हणून ते लागेल तेवढ्याच जागी घालीत. ही जोड न सुटता बसविणे हे कौशल्याचे काम, आणि त्यावर नेमके पाणी देणे त्याहून अवघड. अधिक झाले तर धार तुटते, उणे पडले तर वळते. काही पात्यांवर तिरक्या बारीक रेघांची ओळ पुसट उमटलेली असते. ती नक्षी नव्हे. ते झिजलेल्या कानशीचे दात आहेत, घणाखाली चपटे झालेले, पण पूर्ण न गेलेले. जुनी कानस म्हणजे उत्तम पोलाद, आणि कानशी मोठ्या प्रमाणावर बनत त्या पुन्हा शेफील्डलाच! म्हणजे इकडून शिंग तिकडे जाऊन विलायती चाकू झाले, तसे तिकडचे पोलाद इकडे येऊन, झिजून, टाकून दिल्यावर, आपल्या ऐरणीवर देशी चाकू झाले. विलायती मालाने आपला धंदा बुडविला हे आपण नेहमी म्हणतो, आणि त्यात तथ्यही पुष्कळ आहे. परंतु त्या मालाच्या उकिरड्यातून आपल्या लोकांनी काय उचलले हेही सांगितले पाहिजे, कारण अक्कल तेथे दिसते.

धंद्याचे हे फिरणे आपल्याच वाट्यास आले असे नाही. १८१८ नंतर संस्थानांच्या फौजा रोडावल्या, १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलीसुरली हत्यारेही परवान्याखाली आली. मिरजेस तलवारींना धार लावणारी शिकलगार घराणी होती. मागणी ओसरल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, त्यांतील फरीदसाहेबांनी संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्ये दुरुस्त करण्यास व पुढे घडविण्यास प्रारंभ केला, आणि पंढरपूर भागातील भोपळ्यांपासून जे तंबोरे व सतारी झाल्या त्यांनी मिरजेचे नाव हिंदुस्थानभर नेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांना सतारमेकर हे नाव लाभले व ते टिकले, कारण वाद्य वाजविणारा गवई कारागिराचे नाव आवर्जून सांगतो. सुपारी कातरणारा सांगत नाही.

सुपारीवरून आठवले. बिनखुणेच्या वस्तूंचेही कोणी जतन करील काय, अशी शंका घेणाऱ्यांनी पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता करणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, दौती, फण्या आणि अडकित्ते गावोगाव हिंडून जमविले, दिवंगत पुत्राच्या नावाने संग्रह उभा केला व १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनास अर्पण केला. तेथील अडकित्त्यांपैकी किती घडविणाऱ्यांची नावे ठाऊक आहेत? परंतु वस्तू राहिल्या. अडकित्ता घडविणारा व चाकू घडविणारा हात एकच होता.

आपल्याकडे वस्तूंबरोबर नावेही राखण्यास अजून थोडा अवकाश आहे, आणि तो झपाट्याने संपत आहे. बोरू गेला, बॉलपेन आले. पेन्सिलीस टोक करावयास स्वतंत्र यंत्र आले. हळदीच्या पोत्याची शिवण उसवावयास आणि गिरणीत सुताचे टोक छाटावयास पाच-दहा रुपयांचे पाते मिळू लागले. मिटता चाकू घडविणारा शेवटचा हात कोणाचा, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. एका घरी आम्ही कानशीचे दात असलेला असाच एक चाकू पाहिला. मुलाला ठाऊक नव्हते, नातवाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, ‘तो माझ्या चुलत सासऱ्यांनी केलेला, पुराच्या साली. भाता मीच ओढत होते.’ हे वाक्य घरात कोणी पूर्वी ऐकले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

तेव्हा व्यवहाराचे काही. येत्या खंडेनवमीस हत्यारांची पूजा घरोघर होईलच. त्या दिवशी खणातला चाकूही पाटावर ठेवावा आणि पूजा आटोपल्यावर एका कागदावर चार गोष्टी लिहाव्या : कोणी घडविला अथवा कोठून आणला, कोणाच्या वापरात होता, कोणत्या कामास, आणि ही माहिती कोणी सांगितली. चौथी बाब विसरू नये. तीवाचून पहिल्या तिहींचा भरवसा धरता येत नाही. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहावे. कागद चाकूबरोबर सुती फडक्यात बांधावा. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामड्यातील कसामुळे पाते गंजते.

चाकू लख्ख करण्याचा मोह आवरावा. पात्यावरची काळसर-राखी छटा ही त्याची साय आहे, ती राखावी. तांबडा भुरभुरता गंज तेवढा तेलाच्या चिंधीने हलक्या हाताने पुसावा. तेल शिवणयंत्राचे घ्यावे. खोबरेल वा शेंगतेल काही महिन्यांत चिकट होऊन सांधा धरून ठेवते. चिंच, लिंबू, राख, सॅन्डपेपर ह्यांपैकी काहीही लावू नये. शिक्का पुसट असेल तर त्यावर खडूची भुकटी चोळून फुंकर मारावी, अक्षरे उमटतात. मोठ्या खटक्याच्या चाकूंस, ज्यांना लोक सरसकट रामपुरी म्हणतात, जपून हाताळावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, घरगुती वा शेतकी कामाचे नसलेले चाकू शस्त्रांत गणले जातात. तसे काही घरात असेल तर ते घेऊन गावभर फिरू नये, छायाचित्र पुरे.

पुढील वार्षिक सभेच्या वेळी माधवनगर येथे एका मेजावर हे चाकू मांडण्याचा आमचा विचार आहे. विलायती चाकू अवश्य आणावे, लष्करी आणावे, पण बिनशिक्क्याचे आधी आणावे. प्रत्येकासमोर घराण्याचे नाव व गाव लिहिलेली चिठ्ठी राहील आणि सभा संपताच ज्याची वस्तू त्याच्या हाती परत दिली जाईल. मंडळ काहीही ठेवून घेणार नाही. चाकू मिटवून, फडक्यात गुंडाळून आणावा, आणि वडीलधारे माणूस बरोबर येऊ शकत असेल तर त्यांनाही आणावे. त्यांच्यासाठी खुर्ची मेजाशेजारीच ठेवली जाईल.